माजाची हाक

चैत्रात मोहाची फुले गळू लागतात, पळस बहर संपवून पानांवर येतो आणि बोर धरणाच्या परिसरातील पानगळीच्या जंगलात चितळाच्या नराला कंठ फुटतो. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या वस्तीत तो आवाज पोहोचत नाही, पण उत्तरेकडे सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे गेले, की उन्हाळ्यातल्या पहाटे तो दूरवरून ऐकू येतो. वाघाची चाहूल लागल्यावर चितळ देते तो आवाज आखूड आणि शिटीसारखा तीक्ष्ण असतो. ही ओरड मात्र खरखरीत, लांबट आणि चढत जाणारी असते, ती ओळीने दोन-तीनदा उठते आणि तिच्यात भयाचा अंशही नसतो. नर माजावर आला आहे, म्हणजे प्रजननाच्या तयारीत आहे, याची ती घोषणा असते, आणि कळपातल्या माद्यांइतकीच ती आसपासच्या नरांनाही उद्देशून असते.

हरणांच्या कुळातील नरांची शिंगे गवा किंवा काळवीट यांच्या शिंगांसारखी कायमची नसतात. ती गळतात, त्या जागी मखमली त्वचेने झाकलेली नवी शिंगे उगवतात, आणि ती टणक होऊन त्वचा सोलली गेली, की नराच्या अंगात माज येतो, मान जाड व गडद होते आणि तो मागच्या पायांवर उभा राहून फांद्यांना शिंगे घासू लागतो. चितळांच्या बाबतीत विशेष असे, की सर्व नरांची शिंगे एकाच वेळी गळत नाहीत, त्यामुळे ही ओरड वर्षभर कधीही कानी येऊ शकते, तरी मध्य भारतात तिचा जोर उन्हाळ्यातच असतो, असे वन्यजीव अभ्यासक जॉर्ज शेलर यांनी 1963 ते 1965 या काळात कान्हाच्या जंगलात केलेल्या अभ्यासातून दिसून आले. सांबराची रीत याहून वेगळी आहे. त्याचा माज हिवाळ्यातला, आणि तो कंठापेक्षा गंधावर अधिक विसंबतो: चिखलात लोळावे, डोळ्यांजवळच्या ग्रंथी उघडाव्यात, झाडांच्या सालीवर आपली खूण ठेवावी, असा त्याचा निरोप असतो. अशा प्राण्याला आवाजाने बोलावू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि हा फरक पुस्तकांत लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी शिकाऱ्यांना ठाऊक होता.

हाकेने हरीण जवळ का येते, याचे उत्तर हाक कोणाची आहे यावर अवलंबून असते. प्रतिस्पर्ध्याची असेल तर नर भांडायला येतो, मादीची असेल तर मीलनासाठी येतो, आणि पाडसाच्या कळवळण्याची असेल तर आई धावत येते. जगभरच्या शिकाऱ्यांनी या तिन्ही वाटा वापरल्या. जर्मनीत जुलैअखेरीस व ऑगस्टमध्ये बीच वृक्षाचे पान ओठांशी धरून मादीचा बारीक स्वर काढतात आणि रो जातीच्या लहान हरणाच्या नराला बोलावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठ्या तांबड्या हरणाची डरकाळी बैलाच्या शिंगातून किंवा शंखातून उमटवली जाते. कॅनडातील मिकमाक लोक भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मूस या मोठ्या हरणाच्या मादीची साद घालीत आले आहेत, तर अमेरिकेत नोव्हेंबरच्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी दोन शिंगे एकमेकांवर आपटून नरांच्या झुंजीचा आभास निर्माण करतात. तिथे ही शिकार परवान्याची आणि ठरावीक हंगामातली असते. तरीही या तीन हाकांपैकी पाडसाची हाक सर्वांत जड मानायला हवी, कारण पहिल्या दोन हाकांना येणारा नर निदान स्वतःच्या ओढीने येतो. तिसऱ्या हाकेला येणारी आई दुसऱ्याचा जीव वाचवायला आलेली असते.

महाराष्ट्राच्या वाङ्मयीन परंपरेला हा विषय परका नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेच्या अनेक प्रकारांमध्ये माणसाळवलेले हरीण पुढे करून रानातल्या हरणाला भुलवण्याची रीत येते. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त रात्री आडोशाआडून दिवा दाखवीत घंटा वाजवण्याची आणि गाणे गाऊन हरणांना जवळ आणण्याची रीत नोंदली आहे, आणि या दोन्ही रीती अकबराला नापसंत होत्या, हेही तिथेच नमूद आहे. पण मराठी मनावर खोल ठसा उमटला तो भागवताच्या एकादश स्कंधाचा. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो; हरीण त्यांपैकी एक, कारण ते गीताला भुलून पारध्याच्या हाती सापडते आणि साधकाला कानाच्या मोहापासून सावध करते. एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या या स्कंधावरील टीकेमुळे हा दृष्टान्त वारकऱ्यांच्या नित्य वाचनात आला.

संतांचा हेतू साधकाला जागे करण्याचा होता आणि त्या हेतूविषयी आदरच बाळगायला हवा. मात्र या दृष्टान्तात हरणावर थोडा अन्याय झाला आहे. माजाच्या दिवसांत हाकेकडे येणारे हरीण सुरावर लुब्ध झालेले नसते. आपल्या जातीच्या भाषेत कोणी बोलले, तर त्याला उत्तर दिले पाहिजे, एवढेच त्याला कळते, आणि लाखो वर्षांत ती भाषा त्याला कधी फसवणारी ठरलेली नसते. ज्याला इंद्रियलोभ म्हटले गेले, तो खरे पाहता विश्वास आहे.

विदर्भात आवाजाची ही विद्या फासेपारध्यांइतकी क्वचितच कोणी आत्मसात केली असेल. फास लावून शिकार करणारा हा समाज तितराची, लाव्याची साद हुबेहूब काढतो आणि शिकवलेल्या बैलाच्या आडून सावजाच्या जवळ सरकतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारध्यांचीही गणना झाली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्क्याची छाया त्यांच्या तांड्यांवर अजून आहे. त्यांच्या ज्ञानाची कदर फार उशिरा झाली. अकोला-वाशीम भागात तणमोर या दुर्मीळ पक्ष्याच्या संवर्धनासाठी त्यांच्याच नजरेचा आणि कानाचा आधार घेतला गेला, ही विदर्भाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची व्याख्या मारण्यापुरती ठेवली नाही. फास लावणे, हाकारा करणे, आमिष दाखवणे आणि या कशाचाही प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते. बोर अभयारण्य 1970 मध्ये घोषित झाले आणि 2014 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आता तिथे हाकेचा उपयोग ऐकण्यापुरता उरला आहे: चितळाची शिटी, वानराची खाकर आणि सांबराचे ठणठणीत भुंकणे यांवरून वाघ कोणत्या नाल्यात आहे, हे वनरक्षक ताडतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रित साद वाजवून छायाचित्रासाठी पक्षी किंवा प्राणी समोर आणण्याचा मोह मात्र नवा आहे. त्यात रक्त सांडत नसले, तरी खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावण्यात प्राण्याची शक्ती आणि वेळ खर्च होतो, आणि तोही नेमका वर्षातल्या सर्वांत थकवणाऱ्या दिवसांत.

पिपरी मेघेत ‘करुणाश्रम’ आहे. जखमी आणि अनाथ वन्यप्राणी तिथे आणले जातात. हरणांची अनाथ पाडसे सांभाळणाऱ्या कोणाही माणसापुढे हाकेचा प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. बाटलीने दूध पाजलेले पाडस माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते, त्याच्या आवाजाला ओ देते, मागे मागे फिरते. ते नर असेल, तर शिंगे टणक होऊन माज आल्यावर तेच माणसाला प्रतिस्पर्धी मानून अंगावर धावते, आणि अशा नराला रानात सोडणेही कठीण होते. म्हणून जाणते सांभाळकर्ते पाडसाला नाव ठेवत नाहीत, दूध पाजताना गप्प राहतात आणि शक्य तितक्या लवकर त्याला इतर पाडसांच्या सोबतीला ठेवतात.