मग पेपर पेरू काय?

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, तेव्हा मी पुण्यात मावसभावाकडे होतो. दादा बँकेतून निवृत्त झालेला. घरी रोज तीन वर्तमानपत्रं येतात आणि तो अग्रलेख पेन्सिलीनं खुणा करत वाचतो. अंधश्रद्धा, जातिभेद, झुंडशाही यांविरुद्ध त्यानं संपादकांना पत्रं लिहिली, मोर्च्यांत पायपीट केली. त्याचा मला अभिमान आहे. पण ही बातमी वाचून तो म्हणाला, "बरं झालं. कापड उद्योग तरेल. शेतकऱ्यांनी तरी किती दिवस संरक्षणात राहायचं? करू दे जगाशी स्पर्धा."

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर तोच सूर. कुणी म्हणालं, कर्जमाफीनं शिस्त बिघडते. कुणाचं मत, कापूस सोडून दुसरं काही लावावं. एका काकूंनी सेंद्रिय शेतीचा उपाय सांगितला. सगळी भली माणसं, पण त्या दिवशी कापूस क्विंटलमागे काय भावानं विकला गेला, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी वाद घातला नाही. "दादा, दिवाळी झाली की हिंगणघाटला ये," एवढंच म्हणालो.

नोव्हेंबरात तो आला. आमचं गाव कापसावर वाढलं. एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या जातीचं नाव होतं, आणि 1881 साली इथं कापडगिरणी उभी राहिली. आजही हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग यार्डाबाहेर रस्त्यावर येते. त्या रांगेतच आम्ही उभे राहिलो.

लिलावाआधी एक माणूस गाडीवर चढला. कोपरापर्यंत हात खुपसून त्यानं तळचा कापूस ओढून काढला, दोन बोटांत धागा ताणला आणि ओलावा मोजायच्या यंत्राचं टोक कापसात रोवलं. आकडा आला 16 टक्के. त्या वर्षी पावसानं दसरा-दिवाळीपर्यंत पाठ सोडली नव्हती, त्यामुळे गाडी गाडी ओली. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. पण सरकारी खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, तो पूर्ण देते 8 टक्के ओलाव्यापर्यंत. पुढे टक्क्यागणिक कपात, आणि 12 च्या वर गाडी परत. त्याआधी मोबाइलवर 'कपास किसान' अ‍ॅपमध्ये नोंदणी हवी, ती वेगळीच. ज्याला उसनवारी फेडायची आहे तो थांबत नाही, व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. त्या गाडीला सात हजारांच्या आतच बोली लागली.

दादा न राहवून म्हणाला, "अहो, कापूस वाळवून आणायला हवा ना!"

गाडीवाला हसला. "साहेब, वाळवाले ऊन लागते. ते पेपरासंगं घरी येते काय?"

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. दादानं माघार घेतली नाही. त्यानं पीक बदलायची गोष्ट काढली. तेव्हा शेजारच्या गाडीवरचे म्हातारबा पुढे सरकले. "बदललं ना बाप्पा! सोयाबीन लावलं, पिवळं पडलं. तूर लावली, तं सरकारनं भाईरून तूर आनली. आता कापूसबी भाईरून येऊन राह्यला. मंग आमी पेरू काय? पेपर पेरू काय?"

पुन्हा हशा झाला, दादाही हसला. मग मात्र त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि म्हातारबांना एकेक खर्च विचारून लिहून घेतला. नुसत्या वेचणीची मजुरी किलोमागे दहा रुपयांवर, म्हणजे क्विंटलमागे हजार तिथेच गेले. बियाणं, खत, फवारणी, निंदण, गाडीभाडं अजून बाकीच. बेरीज बघून तो बराच वेळ बोलला नाही.

त्या रात्री जेवताना मी त्याला माझं म्हणणं सांगितलं, तेच इथंही सांगतो. 2022 मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा एप्रिलमध्येच आयात शुल्क उठलं. भाव चढला की सरकार दार उघडतं आणि आपला सुजाण वाचक त्याला महागाईवरचा उपाय म्हणतो. भाव पडला की तोच वाचक म्हणतो, बाजाराचा नियम आहे, सोसायला शिका. 2014 च्या डिसेंबरात एका मोठ्या दैनिकाच्या अग्रलेखानं शेतकऱ्याची ओरड बोगस ठरवली, तेव्हाही या वाचकांपैकी कितीतरी जणांनी माना डोलावल्या. शेतकरी नेते शरद जोशींनी 'इंडिया' आणि 'भारत' अशी विभागणी मांडली ती याच दुटप्पीपणावर बोट ठेवून. बाजार खुला हवा असेल तर तो चढतानाही खुला ठेवा. कापडाला, डाळीला, कांद्याला स्वस्ताई हवी असेल तर तिचं बिल एकट्या शेतकऱ्याच्या नावावर फाडू नका.

उदारमतवादी वाचकांवर माझा राग नाही. समतेचा आणि विवेकाचा आग्रह महाराष्ट्रात जिवंत राहिला तो त्यांच्यामुळेही. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा जास्त आहे. स्त्रिया, दलित, अल्पसंख्याक यांच्याबद्दल बोलताना ते आधी त्यांचं ऐकून घ्यायला सांगतात. तोच न्याय शेतकऱ्याला लावा. शेतीवर मत द्यायचं असेल तर अग्रलेखाबरोबर बाजारभावाचं पानही वाचा, आणि हंगामात एकदा तरी जवळच्या बाजार समितीत जाऊन उभे राहा. हिंगणघाटला आलात तर मी सोबत येईन.