भाषा : इतर

दरेकसा स्टेशनात उतरलं की कचारगडच्या गोंडी जत्रेची वाट कुणाला विचारावी लागत नाही. माघ पौर्णिमेच्या दिवसांत पिवळे फेटे आणि सातरंगी झेंडे धनेगावच्या दिशेने चाललेले असतात, त्यांच्या मागोमाग निघायचं. कुणी ‘जय सेवा’ म्हटलं की आपणही ‘जय सेवा’ म्हणायचं. मी पहिल्यांदा गेलो त्याला पंधराएक वर्षं झाली. देवदर्शन हे कारण नव्हतंच. जत्रेत गोंडी गाण्यांच्या सीडी मिळतात असं कळलं होतं आणि त्या काळात मला तबकड्या गोळा करायचं वेड होतं.

मूळ वेड मराठी सिनेमाचं. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘जैत रे जैत’ असल्या, एकदा पाहून न संपणाऱ्या सिनेमांचं. अशा सिनेमांना हल्ली ‘कल्ट’ म्हणतात. मराठीत त्याला ‘नादखुळा प्रेक्षक लाभलेला सिनेमा’ म्हणावं लागेल, पण एवढं लांब नाव वेष्टनावर मावायचं नाही. हे सिनेमे मी गोळा करायचो व्हीसीडीवर. व्हीसीडी तशी गरीब वस्तू. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, टीव्ही जरा मोठा असला की नटाचं नाक पायऱ्यापायऱ्यांचं दिसायचं. एका तबकडीत तास-सव्वा तासच मावायचा, म्हणून सिनेमा दोन तुकड्यांत यायचा आणि मध्यंतर दिग्दर्शकाऐवजी तबकडी ठरवायची. पण 2007च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने ती 28 रुपयांत विकायला काढली आणि आमच्यासारख्यांची चंगळ झाली. एका सिनेमाच्या तिकिटाच्या पैशात सिनेमाच घरी यायला लागला.

पुढे गावातली सीडीची दुकानं मोबाइलची झाली आणि खरेदी ऑनलाइन गेली. तिथून माझ्या रक्तदाबाची गोष्ट सुरू होते. ‘सिंहासन’ हा जब्बार पटेलांचा 1979चा सिनेमा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, राजकारणावरचा. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात तो शोधला तर चित्र निळू फुल्यांचं आणि वर्णन तलवारी, राजकन्या, सूड यांचं. कारण त्याच नावाचा जितेंद्रचा एक हिंदी पोशाखी सिनेमा 1986 साली आला होता आणि रोमन लिपीत एका अक्षराच्या फरकाने दोन्ही नावं एकमेकांत मिसळून गेली होती. दिग्दर्शकाच्या जागी ‘विविध’. कालावधी एक मिनिट. खाली ग्राहकांचे अभिप्राय होते, त्यातल्या एकाने कुरिअरवाला उशिरा आला म्हणून सिनेमाला एकच तारा दिला होता. तरीही मागवला. आला तो जब्बार पटेलांचाच. पण ‘भाग 1’ आणि ‘भाग 2’ असं छापलेल्या दोन्ही तबकड्यांवर पहिलाच भाग होता. त्यातल्या पत्रकार दिगू टिपणीसचं शेवटी काय होतं ते मला पाठ आहे म्हणून बरं. परत पाठवायला गेलो तर यंत्राने विचारलं, “वस्तू तुटलेली आहे की चुकीची आहे?” अर्धी बरोबर असलेल्या वस्तूसाठी पर्यायच नव्हता.

ह्या दुकानांत वस्तू हरवत नाही, वस्तूचं नाव हरवतं, आणि नाव गेलं की वस्तू असून नसल्यासारखी होते. ‘घाशीराम कोतवाल’ सिनेमाचं तर उलट झालं. युक्त फिल्म सहकारी संस्थेच्या तरुणांनी 1976 साली केलेला, तेंडुलकरांनी लिहिलेला, ओम पुरी यांच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी एक. नाव सगळ्यांच्या तोंडी, आणि सिनेमा वर्षानुवर्षं कुणाला दिसेना. अखेर बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेने जपलेल्या प्रतीवरून त्याची डिजिटल प्रत झाली. पुण्याच्या नाना फडणविसांना जर्मनीने सांभाळलं! तिथे कुणा कारकुनाने डब्यावर नाव नीट लिहून ठेवलं असणार, असं मला आपलं वाटतं.

तर कचारगड. डोंगर चढून गेलं की ती प्रचंड नैसर्गिक गुहा येते. आत थंडावा आणि वरच्या भोकातून पडणारा उजेड. गोंड समाजाची कथा अशी : काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर शिळा होती. गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी आले. हिरासुका पाटालीर हा वादक. त्याच्या वाद्याच्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा हलली, मुलं सुटली आणि घरंगळत आलेल्या शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी 1980च्या दशकात या जागेचं महत्त्व पुन्हा लोकांपुढे आणलं आणि आज इथे कित्येक राज्यांतून माणसं येतात. धर्माची कथा पुष्कळ ठिकाणी योद्ध्याभोवती फिरते. इथे मरतो तो वाजवणारा, आणि त्याचं नाव अजून घेतलं जातं.

खाली दुकानांची रांग. पुस्तकं, दिनदर्शिका, झेंडे, लिंगोच्या तसबिरी, आणि एका ताडपत्रीवर पांढऱ्या तबकड्यांचा ढीग. वेष्टन नाही, चित्र नाही, स्केचपेनने लिहिलेला नुसता आकडा. मी म्हटलं, “यात काय आहे कसं कळणार?” तो म्हणाला, “विचारा ना जी, सांगतो.” आणि खरंच त्याने पंधरा-वीस तबकड्यांची गाणी एकामागून एक सांगितली : यात लग्नाची, यात रेला नाचाची, यात हिरासुकाचं. “चालते का नाही ते इथंच पाहून घ्या, मंग न्या.” बॅटरीवरच्या छोट्या प्लेअरमध्ये लावूनही दाखवली. त्या ऑनलाइन दुकानाच्या हजारो पानांत जे नव्हतं ते त्या ताडपत्रीवर होतं : माल ठाऊक असलेला विक्रेता.

त्यातली एक तबकडी मी घेतली आणि घरी येऊन ती संग्रहाच्या यादीत चढवायला बसलो. नव्या उत्साहात मी एका संकेतस्थळावर यादी करत होतो. भाषेच्या रकान्यात खाली खाली जात राहिलो. आइसलँडिक होती, लॅटिन होती. गोंडी नाही. 2011च्या जनगणनेत जवळपास 30 लाख लोकांनी जिला मातृभाषा म्हणून नोंदवलं, ती ‘इतर’मध्ये. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला स्वतःचं तीन अक्षरी चिन्ह आहे. ते त्या संकेतस्थळापर्यंत पोचलेलं नव्हतं, एवढंच. ‘न्यूटन’ सिनेमात मलको या स्थानिक शिक्षिकेशिवाय गोंडी मतदारांचं बोलणं निवडणूक अधिकाऱ्याला कळत नाही, पण मी पाहिलेल्या नोंदींत त्या सिनेमाची भाषा एकच : हिंदी.

पण ताडपत्रीचेही फार गोडवे गाऊ नयेत. त्या तबकडीवर गाणाऱ्याचं नाव नव्हतं, वाजवणाऱ्याचं नव्हतं, ध्वनिमुद्रण कुठे झालं तेही नव्हतं. कुणीतरी कुणाकडून उतरवून घेतलेली, पुन्हा उतरवलेली. गाणाऱ्याला त्यातला एक रुपयाही गेला नसणार. ऑनलाइन दुकानाने कलाकाराच्या रकान्यात ‘विविध’ लिहिलं म्हणून मी चिडलो होतो. इथे रकानाच नव्हता, आणि मी खुशीत होतो.

हे सलत राहिलं म्हणून गेल्या खेपेला तबकडी सोबत घेऊन गेलो. आता ताडपत्रीवर लॅपटॉप होता आणि मेमरी कार्डं भरून देणं चाललं होतं. विक्रेता नवा, जेमतेम विशीतला. त्याच्याकडे तबकडी चालवायची सोयच नव्हती. शेवटी मी बेसुऱ्या आवाजात दोन ओळी गुणगुणलो. तो हसला, पण अर्ध्या मिनिटात गाणं लावलं. फाइलचं नाव होतं ‘नवीन 47’.

“गाणारी कोण?”

“ते नाही माहीत, भाऊ.”

मागे रांगेत एक म्हातारी उभी होती, पाठीवर नातू. ती गाणं ऐकत पुढे आली. ही आमच्या बाजूची, म्हणाली, आणि गावाचं नाव सांगितलं. बाईचं नाव आठवेना. थोरल्या सुनेला हाक मारली. सुनेलाही नाव ठाऊक नव्हतं, पण ती बाई दरवर्षी येते, पौर्णिमेच्या रात्री गुहेपाशी गाते, एवढं तिने सांगितलं. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. माझं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं.

मी पोराकडून स्केचपेन मागून घेतलं आणि तबकडीवरच्या आकड्याखाली त्या गावाचं नाव लिहिलं. त्यापुढे जागा सोडली. मग स्टेशनवर फोन करून विचारलं, रात्री थांबायची सोय होईल का.