उभ्या गाडीचा पगार

ट्रक चालवून परवडतं का, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. विचारतात ते असं : "महिन्याचे किती पडते?" ड्रायव्हर आकडा सांगतो. अठरा हजार, वीस हजार, लांब पल्ल्याच्या गाडीवर असला तर थोडे वर. मोबाइलच्या दुकानात दिवसभर उभं राहून दहा हजार घरी नेणाऱ्या पोराला हा आकडा मोठाच वाटतो. तो गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी हेवी लायसनची चौकशी करायला लागतो.

मी चंद्रपूरजवळ पडोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहिते. डिझेलच्या चिठ्ठ्या, काट्याच्या पावत्या, ड्रायव्हरची उचल, सगळं माझ्या हाताखालून जातं. सहा वर्षं हे करून मला एक गोष्ट कळली आहे. "महिन्याचे किती" विचारून काही कळत नाही. "किती तासांचे?" हे विचारावं लागतं. आणि त्याच्याही पुढे, त्यातले किती तास गाडी चालत होती आणि किती तास नुसती उभी होती?

हे मला सगळ्यात नीट दिसलं ते माझ्या आजोळी, माजरीला. नागपूरहून बल्लारशाच्या गाडीत बसला असाल तर वरोरा सोडल्यावर माजरी जंक्शन लागतं. इथूनच वणी, आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. भद्रावती तालुक्यातलं हे गाव म्हणजे कोळसा. आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी, कुचन्याला त्यांची कॉलनी, आणि रस्त्यावर टिप्परची रांग. घराच्या ओट्यावर सकाळी बोट फिरवलं तर काळं होतं, याचं तिथे कोणाला काही वाटत नाही.

माझ्या दोन मामांची शेती खाणीत गेली. मोठ्या मामांची सव्वा एकर, लहान मामांची पाऊण. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात ढोबळ हिशेब असा, की दोन एकरांमागे एक नोकरी. ज्यांची जमीन कमी, त्यांनी मिळून दोन एकर भरवायचे आणि एकाचं नाव द्यायचं. मामांनी तसंच केलं. कागदावर दोन एकर झाले, नोकरी एक आली. ती मोठ्या मामांच्या पोराला लागली, कारण जमीन त्यांची जास्त होती. त्यावरून भांडण झालं नाही. पण लहान मामी त्या दिवशी जेवली नाही, हे आईनं मला सांगितलं.

मोठा आधी जनरल मजदूर म्हणून लागला, मग ट्रेनिंग घेऊन डंपर ऑपरेटर झाला. लहाना बारावी झाला, दोन वर्षं इकडेतिकडे केली आणि टिप्परवर चढला. म्हणजे आज दोघं चुलतभाऊ कोळसाच वाहतात. एक खाणीच्या गेटच्या आत, एक बाहेर. चालवण्याचं कसब फार वेगळं आहे असंही नाही. आतल्याची गाडी मोठी आहे, बाहेरच्याच्या वाटेत माणसं, गुरं आणि शाळेच्या सायकली आहेत.

मोठ्याची ड्युटी आठ तासांची. शॉव्हेल बिघडली आणि डंपर तीन तास उभा राहिला, तर त्याचा पगार कमी होत नाही. त्याचा पगार राष्ट्रीय कोळसा वेतन करारानं ठरतो. अकरावा करार 2023 मध्ये झाला आणि 1 जुलै 2021 पासून लागू धरला गेला, म्हणून मधल्या काळाचा फरकही मिळाला. आजारी पडला तर दवाखाना आहे, पीएफ आहे, सुट्टी आहे.

लहान्याचा दिवस असा : पहाटे पाचला गाडी रांगेत लावायची. नंबर आला की रिकाम्या गाडीचं काट्यावर वजन. मग लोडिंगची रांग. लोडर बंद असेल तर तिथेच थांबायचं. भरली की परत काटा, कागद, वर ताडपत्री ओढून बांधायची, मग रस्ता. घुग्घुसकडे किंवा ताडाळीकडे जायला लागतो तो वेळ थोडा. पोचल्यावर तिथे पुन्हा रांग, पुन्हा काटा, खाली करायची पाळी. कधी दिवसाला दोन ट्रिप होतात, कधी एक, आणि कधी भरलेली गाडी घेऊन रात्र प्लांटच्या गेटबाहेर काढावी लागते.

त्याला महिन्याला थोडा बांधलेला पगार आहे आणि प्रत्येक ट्रिपमागे भत्ता. म्हणजे चाक फिरलं तर पैसे. रांगेत गेलेले सात तास कोणाच्याच वहीत नसतात, माझ्याही नाही. माझ्या वहीत गाडी नंबर, टन आणि ट्रिप हे रकाने आहेत. तासांचा रकानाच नाही.

तुम्ही म्हणाल, मग मालक लबाड. इतकं सोपं नाही. ज्यानं कोळसा घेतला, त्याच्या नावानं डीओ निघते, म्हणजे माल उचलायचा आदेश. तो वाहतुकीचं काम एका ट्रान्सपोर्टरला टनामागे दर ठरवून देतो. त्याच्याकडे तेवढ्या गाड्या नसतात, म्हणून तो थोडं कमिशन ठेवून काम खाली देतो. एक-दोन गाड्यांचा मालक या साखळीच्या तळाशी, आणि ड्रायव्हर त्याच्याही खाली. दर टनावर ठरलेला असतो, त्यामुळे वेळेची किंमत वरच्या कोणालाच मोजावी लागत नाही. ती खाली सरकत सरकत येते आणि केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या अंगावर पडते.

2018 मध्ये केंद्रानं ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहाचाकी गाडीचं मालासकट वजन 25 टनांवरून 28.5 टन झालं. त्याच गाडीत साडेतीन टन माल जास्त. मालकाला टनाचे पैसे वाढले. ट्रिप मात्र एकच मोजली जाते, म्हणून ड्रायव्हरचा भत्ता तिथेच राहिला.

कायदा नव्हता असंही नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असं स्वच्छ लिहिलं होतं. सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांतीही होती. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आमच्या रस्त्यावर एक गाडी बापाच्या नावावर, एक पोराच्या, एक जावयाच्या. पाच माणसं एका छताखाली मोजायला सापडतच नाहीत.

मागच्या वर्षी लहान मामा माझ्याकडे आले ते वेगळाच प्रश्न घेऊन. जमिनीच्या पैशातून घर बांधून आणि पोरीचं लग्न करून त्यांच्याकडे चार लाख उरले होते. म्हणाले, "दुसऱ्याची गाडी कायले चालवते तो? आपलीच घेऊन देतो. तू हिशेब करून सांग, बाई."

मी वही काढली. जुनी दहाचाकी टिप्पर अठरा लाखांची. चार लाख भरले तर चौदा लाखांचं कर्ज, चार वर्षं, तेरा टक्के. हप्ता साडेसदतीस हजार. आमच्याकडे तेव्हा चालू असलेल्या दरानं, डिझेल आणि कमिशन जाऊन एका ट्रिपमागे साधारण अठराशे हातात राहत होते. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज एक ट्रिप धरली तर 46,800. हप्ता जाऊन नऊ हजार. त्यातून टायर, विमा, टॅक्स, फिटनेस, पाटे, ग्रीस. दहा टायरची गाडी आहे, यासाठी महिन्याला अठरा हजार बाजूला काढले नाहीत तर वर्षाच्या शेवटी मालकच रस्त्यावर येतो. म्हणजे खिशातून नऊ हजार घालून स्वतःचीच गाडी चालवायची.

रोज दोन ट्रिप धरल्या तर 93,600. हप्ता आणि वाढलेली झीज काढून तीस हजारांच्या वर उरतात. म्हणजे सगळा खेळ त्या दुसऱ्या ट्रिपचा. आणि दुसरी ट्रिप होणार की नाही हे रांग ठरवते. रांग लहान्याच्या हातात नाही. पावसाळ्यात वर्धा नदी चढून पाटाळ्याच्या पुलावर पाणी आलं की वणीचा रस्ताच बंद. गाडी उभी राहते, हप्ता उभा राहत नाही.

मामा बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शेतीसारखंच झालं ना बाप्पा. पाऊस आला तर पीक."

पैशांत न बसणारंही काही आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या पुढे जातो. 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण रांगेतल्या बहुतेक गाड्या जुन्या आहेत आणि काच खाली केली की धूळ. शिवाय अपघाताची भीती. जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी संप केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते तुम्हाला आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघातात माणूस मेला आणि चालक न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. पळून जाऊ नये हे बरोबरच. पण जमाव जमला की थांबणाऱ्याचं काय होतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरनं कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. आणि लग्नाच्या बाजारात डंपर ऑपरेटर म्हणजे नोकरीवाला, टिप्पर ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर. मोठ्याला तीन स्थळं आली. लहान्याच्या वेळी मुलीकडच्यांनी चहा घेतला आणि कळवतो म्हणाले.

हे काम किती दिवस राहणार, हाही प्रश्न आहेच. कोळशाची एक रेल्वे रेक साधारण चार हजार टन नेते. टिप्परच्या भाषेत दोनशेहून जास्त ट्रिप. खाणीतून थेट पट्ट्यानं कोळसा वॅगनपर्यंत न्यायचे प्रकल्प कोल इंडिया ठिकठिकाणी उभारते आहे. तिकडे गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजाचंही तेच. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तिथे सत्तरहून जास्त वाहनं जाळली, पुढे वाहतूक पुन्हा सुरू झाली, आलापल्ली-आष्टीचा रस्ता ट्रकांनी भरला. आता हेडरीहून कोनसरीपर्यंत नळ टाकलाय. खनिज दळून, पाण्यात कालवून, त्यातून जातं. रस्त्यावरच्या लोकांना त्यात सुखच आहे. पण चार वर्षांचं कर्ज काढणाऱ्यानं हेही मोजायला हवं.

मग मी काय सांगितलं? गाडी घेऊ नका, पैसे बँकेत राहू द्या. लहान्याला म्हटलं, तू चालव, पण रोजचे तास लिही. त्यानं फोनच्या नोट्समध्ये दोन रकाने केले. एकाला नाव दिलं 'चाक', दुसऱ्याला 'उभं'. पहिल्या महिन्याचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. सव्वीस दिवस, घराबाहेर 338 तास. चाक 121, उभं 217. हातात आले 19,400. चाकाच्या तासांनी भागलं तर तासाला एकशे साठ रुपये, म्हणजे बरी मजुरी. सगळ्या तासांनी भागलं तर सत्तावन्न.

तो आकडा बघून त्याला राग येईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "ताई, म्हंजे मी गाडी कमी चालवतो, राखण जास्त करतो."

यातून एक गोष्ट झाली. लांब पल्ल्याच्या धंद्यात हॉल्टिंग नावाचा शब्द आहे. पार्टीनं गाडी अडकवून ठेवली तर मालक दिवसाचे पैसे लावतो. खाणीच्या रांगेत तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. लहान्यानं तीन महिन्यांचे रकाने मालकाला दाखवले आणि म्हणाला, रांगेत सहा तासांच्या वर गेले तर मला दीडशे रुपये हॉल्टिंग द्या, नाहीतर मी दुसरी गाडी बघतो. मालक आधी हसला. पण ड्रायव्हर मिळत नाहीत ही सध्या सगळ्याच मालकांची तक्रार आहे, आणि वेळेवर येणारा, न पिणारा पोरगा सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. सहा नाही, आठ तासांनंतर, आणि दीडशे नाही, शंभर, असं ठरलं. महिन्याला हजार-बाराशे वाढले. फार नाहीत. पण उभ्या गाडीचा पगार त्या रस्त्यावर पहिल्यांदा कोणीतरी मागितला आणि मिळाला. आता त्याच मालकाच्या दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हरही फोनमध्ये तास लिहायला लागलाय.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी या लाइनमध्ये यायचं म्हणत असेल, तर या. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. वीस वर्षं पूर्ण हवीत, हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं हवं. काम प्रामाणिक आहे, पोट भरतं, आणि वीस-बावीसच्या वयात हातात रोख येते. पण गाडी ठरवण्याआधी मालकाला पगार विचारू नका. त्याच्या जुन्या ड्रायव्हरला गाठा, चहा पाजा आणि विचारा : काल किती वेळ उभा होतास?