आईची कर्णभूषणे

बहिणीने न्यू मेक्सिकोहून आईसाठी नवाहो आदिवासींची जुनी कर्णभूषणे आणली. जड चांदीत निळा फिरोजा. हे कारागीर १८८०च्या सुमारास चांदीत फिरोजा जडवू लागले. आई हरखली, मी मात्र तिचे कान पाहिले. उतारवयात कानाची पाळी पातळ होते, जुने भोक ओघळते. वजनाने पाळी फाटूही शकते. आपल्या घरातील वृद्धांची पाळी एकदा उजेडात अवश्य निरखावी. मी ‘नको’ म्हणालो आणि तिचा चेहरा उतरला. डॉक्टर मुलगा असण्याचा हा तोटा!

पुढे वाचनात आले, की नवाहो लोक कानांतील फिरोजाचे सर काढून गळ्यातल्या माळेलाही अडकवीत. मीही ती भूषणे आईच्या पोवळ्यांच्या माळेत ओवली. फिरोजा तेल शोषतो, कालांतराने हिरवट पडतो, असेही सांगितले. दुसऱ्याच दिवसापासून तिने मानेला तेल लावणे बंद केले.