विळी, घास आणि घट

७ सप्टेंबर २०२५, रविवार. भाद्रपद पौर्णिमा, कराड

रात्रीचा दीड वाजून गेला. ग्रहण आत्ताच सुटलं. भाची अजून गच्चीवर खुर्ची टाकून बसली आहे, सातव्या महिन्याचं पोट शालीखाली. आई दुपारी वेध लागल्यापासून देवघरासमोरून उठलेली नाही. दुधा-दह्यात तुळशीची पानं पडली, पाण्याच्या भांड्यांवर दर्भ आले आणि विळी जुन्या धडप्यात गुंडाळून माळ्यावर गेली. सुऱ्याही तिने मोजून उचलल्या.

ढग होते, पण अकराच्या पुढे विरळ झाले. चंद्र चिंचेने घासायचा राहून गेलेल्या तांब्यासारखा दिसत होता, एका कडेला काळपट, मध्ये तांबूस. भाचीने विचारलं, सावलीत गेलाय तर लाल कसा? पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून जाणारा सूर्यप्रकाश तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबडा उरतो. ८२ मिनिटं तो तसाच राहिला.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच ग्रहण म्हणजे सावली हे लिहून ठेवलं. पुढच्या शतकात वराहमिहिरानेही राहू चंद्राला गिळतो ही समजूत खोडून काढली, आणि तीही शकुन-अपशकुनांनी भरलेल्या बृहत्संहितेत. आमच्या भिंतीवरच्या पंचांगातली स्पर्श-मोक्षाची मिनिटं त्याच सावलीच्या गणिताने निघतात. त्याच पानावर गर्भवतीने काय पाळावं तेही असतं. दीड हजार वर्षं ही दोन्ही एकाच घरात शेजारी-शेजारी नांदली आहेत.

लहानपणी ग्रहण सुटताना "दे दान सुटे गिराण" अशी हाक गल्लीतून यायची. आज आली नाही. आईने मात्र दारात धान्य काढून ठेवलं आहे.

१० सप्टेंबर

भाचीने आज आईला सरळच विचारलं, "आजी, तू एवढी का घाबरलीस?" मला वाटलं, आई नेहमीचं काहीतरी सांगेल. तिने पेरूचं सांगितलं.

१६ फेब्रुवारी १९८०. त्या दिवशीचं सूर्यग्रहण कर्नाटकातून खग्रास दिसलं, आमच्याकडे थोडक्यात चुकलं. मी चार वर्षांची होते. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या आणि भर दुपारी कोंबड्या खुराड्यात शिरलेल्या, एवढं मला आठवतं. मी पेरूसाठी रडत होते हे आठवत नाही. आईला आठवा महिना होता. माझं रडं थांबेना म्हणून तिने विळीवर एक पेरू चिरला आणि माझ्या हातात दोन फोडी दिल्या.

एप्रिलमध्ये धाकटा भाऊ झाला. वरचा ओठ दुभंगलेला. माझी आजी, आईची सासू, बाळंतिणीच्या खोलीच्या दारातच म्हणाली, "गिराण लागलं. चिरलंस ना काहीतरी?"

पाचव्या महिन्यात त्याचं ऑपरेशन झालं. आज मिशीखाली तांदळाच्या दाण्याएवढी रेघ आहे, माहीत नसेल त्याला दिसतही नाही. आईला ती पंचेचाळीस वर्षं दिसते आहे. आणि त्यातला पेरू माझा होता, हे मला आज कळलं.

११ सप्टेंबर

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी आईला गच्चीवर नेलं आणि हळूहळू सांगितलं. आई, पोटातल्या बाळाचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमाराला जुळून येतो. दोन्ही बाजूंनी मांस येतं आणि मधे मिळतं. ते मिळायचं राहिलं तर ओठ दुभंगतो. तू पेरू चिरलास तेव्हा आठवा महिना होता. त्याचा ओठ तेव्हा जसा व्हायचा तसा होऊन सहा महिने झाले होते.

तिने विचारलं, "मग कशानं झालं?" घराण्यातून येतं, पोषण कमी पडतं, कधी एखाद्या औषधाचा परिणाम होतो, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. हे ऐकून तिचं समाधान झालं नाही. पेरूला आकार होता, दिवस होता, हात होता. "सापडत नाही" याला काहीच नाही. अशा समजुती टिकतात त्या यामुळेच, असं मला वाटतं. दुःखाला कारण नसणं माणसाला सोसत नाही, आणि कारण हवंच असेल तर ते घरातल्या सगळ्यात गरीब गायीच्या गळ्यात बांधलं जातं.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

माझी आजी सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध आज. पहाटे आई म्हणाली, "आत्याबाई स्वप्नात आल्या. स्वयंपाकघरात उभ्या होत्या, बोलल्या नाहीत." शेजारच्या काकूंनी लगेच अर्थ लावला, उपाशी आहेत, घास नीट ठेवा.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, मनाने रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि वात-पित्त-कफाच्या बिघाडातून आलेलं. यातल्या पहिल्या पाचांना फळ नाही, असं वैद्य स्पष्ट सांगतो. गेले पाच दिवस घरात आजीचाच विषय आहे, ती स्वप्नात येणारच. मी हे आईला सांगितलं नाही. तिला सासूचं काही देणं फेडायचं होतं की सासूकडून काही घ्यायचं होतं, ते तिचं तिला ठाऊक.

भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी. घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला. कावळा यमाचा दूत, पितरांचा निरोप्या. अलीकडे फोनवर फिरणारी "शास्त्रीय कारणं", म्हणजे कावळ्यामुळेच वड-पिंपळ उगवतात म्हणून पूर्वजांनी ही युक्ती केली वगैरे, वाचून मला राग येतो. पूर्वजांना आपल्या आईला जेवायला घालायचं होतं. ती दिसत नव्हती, आणि दाराशी हक्काने येऊन जेवणारा पक्षी दिसत होता. एवढं पुरेसं नाही का?

वीस मिनिटं कावळा आला नाही. आई पुटपुटली, "आत्याबाई, पेरूचा दोष नव्हता." मग दोन आले.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

शेतातली काळी माती चाळून परडीत पसरली. मधे घट. गहू, जव, ज्वारी, हरभरा, करडई असं काय काय मातीत दाबलं आणि वरून पाणी शिंपडलं. भाचीचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले. कारळ्याच्या फुलांची माळ आईने केली.

रब्बीच्या पेरणीआधी घरात बी उगवून पाहायचं, यात शेतकऱ्याचा हिशेब आहेच. पण रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' वाचल्यापासून मला घट नुसता घट दिसत नाही. तो गर्भ आहे. भूमी आणि बाई एकच मानलेली.

माती दाबता दाबता एक गोष्ट लक्षात आली आणि अंगावर काटा आला. घरात बी रुजलं की शेतातही रुजेल, आणि विळीवर फळ चिरलं की पोटात ओठही चिरेल. विचाराची चाल एकच. जसं इकडे तसं तिकडे. जेम्स फ्रेझरने १८९० मध्ये 'द गोल्डन बाउ'मध्ये जगभरच्या जादूटोण्यात हीच चाल दाखवली. याच चालीने आम्हाला घट दिला आणि आईला पंचेचाळीस वर्षं कोंडून ठेवलं. मी घट ठेवणार. विळीची गोष्ट भाचीच्या बाळापर्यंत जाऊ देणार नाही.

संध्याकाळी बातम्या पाहिल्या. सोलापूर, धाराशिवकडे पिकं पाण्याखाली गेली आहेत. परडीवर पाणी शिंपडताना हात आखडला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

धाकटा पुण्याहून आला. घटाचं धान वीतभर वाढलं आहे, उन्हाविना पिवळं. आईने चार तुरे उपटून त्याच्या कानामागे खोचले, मग अंगठा त्याच्या मिशीवरून फिरवला. तो हसला. लहानपणापासून ती असं करते.

"कितव्या आठवड्यात म्हणालीस?" तिने मला विचारलं.

"सातव्या."

"कशाचं?" धाकट्याने विचारलं.

आई पाटावर टेकली. त्याला जवळ बसवलं आणि पेरूपासून सांगायला लागली.