चोरदिंडी

आमच्या घरात सध्या सात कुलपे आहेत आणि किल्ल्या बारा आहेत. हे गणित जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. उरलेल्या पाच किल्ल्या कशाच्या, याचा शोध घेण्याचे मी गेल्या वर्षभरात अनेकदा ठरविले. परंतु तो लागत नाही, आणि त्या टाकून देण्याचे धैर्यही होत नाही. सरकारी कचेरीत बारा वर्षे काढलेल्या माणसाला निरुपयोगी वस्तू नष्ट करण्यापूर्वीही कोणाची तरी मंजुरी हवीशी वाटते.

ज्या घरात मी वाढलो त्या घराच्या दाराला कुलूप कधी लागल्याचे मला आठवत नाही. साताऱ्याकडचा आमचा तो जुना वाडा. त्याला थोरला दरवाजा, दरवाज्याच्या पोटात माणूस जाईल एवढी दिंडी, आणि आतल्या बाजूस अडसर. अडसर म्हणजे चांगला मांडीएवढा सागवानी वासा. दिवसा तो भिंतीतल्या पोकळीत निजलेला असे. रात्री आजोबा तो ओढून समोरच्या खाचेत बसवीत. त्याची ती घरघर कानी पडली की दिवस संपला असे आम्ही मुले समजत असू. बाहेरच्या माणसाला त्या अडसरापर्यंत हात पोहोचविण्याची सोय नव्हती. पण त्याचबरोबर, घरात कोणी असल्याखेरीज तो घालताही येत नसे. घर राखावयाचे ते घरातल्या माणसांनी, असा त्या लाकडाचा हिशेब होता. दिंडीतून येणाऱ्याला वाकून, प्रथम मस्तक आत घालूनच यावे लागे. पाहुणा असला तर तो आपसूक नमस्कार होई. दुसरा कोणी असला तर, असे म्हणून आजोबा पुढचे वाक्य तोंडाने न बोलता हाताने पुरे करीत.

पुढे शिक्षणासाठी पुण्यास राहिलो तेव्हा शनिवारवाड्यावरून रोज जाणे होई. त्याच्या दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर वीतभर लांबीचे अणकुचीदार खिळे आहेत. एकेका फळीवर बहात्तर. ते हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर बसविलेले आहेत, म्हणजे हत्तीने धडक देऊ नये. मी त्या खिळ्यांकडे पाहून फार प्रभावित होत असे. 1732 साली या वाड्याची वास्तुशांत झाली, आणि 1773च्या ऑगस्टच्या तीस तारखेस याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो थकलेल्या पगारासाठी बिथरलेल्या वाड्यावरच्याच गारद्यांच्या हातून. हत्ती काही आले नाहीत. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचलेली होती. पण खिळ्यांचा आणि गारद्यांचा एकत्र विचार करावा असे त्या वयात सुचले नाही.

ज्या दिल्लीकडे तोंड करून तो दरवाजा उभा आहे, त्याच दिल्लीत पाच वर्षांपूर्वी माझी बदली झाली. दक्षिण भागातील एका सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर मिळाले. आपल्यापैकी ज्यांनी अशा वसाहतींतून दिवस काढले आहेत त्यांना निराळे सांगावयास नको की, येथे घर आपले नसते, भिंती आपल्या नसतात, आणि शेजारीही बहुधा पुढच्या हुकुमापर्यंतच आपला असतो. तीन वर्षांनी जावयाचेच, मग ओळख वाढवून काय करावयाचे, असा एक हिशेब मनात नकळत ठरून जातो. माझाही ठरला होता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या रजेत समोरचे बिऱ्हाड गावी गेले असता त्यांच्याकडे चोरी झाली. पहारीने कोयंडा उचकटून चोर भर दुपारी आत गेले. दागिने नेले हे समजण्यासारखे आहे. प्रेशर कुकरही नेला, याचे मात्र आमच्या सौभाग्यवतीला विलक्षण भय वाटले. ज्याला कुकर न्यावासा वाटतो त्याला आपल्या घरातही नेण्यासारखे काहीतरी सापडेलच, हा तिचा युक्तिवाद मला खोडता आला नाही.

त्या आठवड्यात मी तटबंदीच्या कामाला लागलो. लाकडी दारापुढे लोखंडी सळयांचे सेफ्टी डोअर आले. दाराला लॅच होतेच. त्याखाली एक बोल्ट, वर एक बोल्ट, आणि बाहेरचा माणूस दिसावा म्हणून भिंगाचे छिद्र. गॅलरी छतापासून कठड्यापर्यंत ग्रिलने बंद केली. वेल्डरला मी दोन सळयांमधले अंतर स्वतः मूठ घालून दाखविले. सरकारी घरात एवढे लोखंड बसविण्यासाठी लेखी परवानगी लागते. तो अर्ज मी अशा कसोशीने लिहिला की, साहेबांना दाखविण्याचा मोह आवरावा लागला.

संशय हाही तटबंदीचाच एक भाग असतो. खालच्या मजल्यावर एक बंगाली बाई राहतात. त्या दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत. पूर्वी ते माझ्या लक्षातही येत नसे. आता खटकू लागले. आपण रजेवर केव्हा जाणार हे त्यांना सांगू नकोस, असे मी पत्नीला बजावले. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते घडले आहे.

त्याच सुमारास नाना, म्हणजे माझे वडील, गावचे घर बंद करून आमच्याकडे आले. वय बहात्तर. हिंदी कळे, बोलता येत नसे. आम्ही दोघे कामावर, चिमी शाळेत. म्हणजे दिवसभर गडावर ते एकटे. मी त्यांना शिस्त घालून दिली: आम्ही गेल्यावर आतून दोन्ही बोल्ट लावावयाचे, सेफ्टी डोअरची कडी घालावयाची, आणि कोणीही आले तरी उघडावयाचे नाही. चिमी दीड वाजता येई. तिच्यासाठी आजोबा-नातीने एक खुणेचा शब्द ठरविला, "हिरकणी". संध्याकाळी रायगडाचे दरवाजे मिटले आणि तान्हे मूल खाली घरी राहिले, तेव्हा कडा उतरून गेलेल्या गवळणीची दंतकथा नाना तिला रोज सांगत. चिमीने बाहेरून "हिरकणी" म्हणावे, नानांनी आतून "या" म्हणावे, मग बोल्ट सरकावेत. ज्या माणसाने आयुष्यभर ओट्यावर बसून दिसेल त्याला "या, बसा" म्हटले, त्याने माझी शिस्त एक दिवसही मोडली नाही.

गेल्या जानेवारीत एका दुपारी चिमी घरी आली आणि दार उघडले नाही. नाना मोरीतून बाहेर येताना घसरून पडले होते. शुद्ध होती, परंतु खुब्याचे हाड मोडल्यामुळे हलता येत नव्हते. बाहेर चिमी "हिरकणी, हिरकणी" म्हणून ओरडत होती. नानांना ते ऐकू येत होते. त्यांनी "या" म्हटले असेलच. ते दोन दारांतून बाहेर पोहोचले नाही.

तिचा आवाज ऐकून खालच्या बंगाली बाई वर आल्या. दिवसभर दाराकडे पाहणाऱ्या त्याच एक होत्या. त्यांनी पोरीला जवळ घेतले आणि मला फोन केला. मेट्रोने येऊन पोहोचावयास मला तासाच्या वर लागला. माझ्या खिशात लॅचची किल्ली होती, पण आतून लागलेल्या बोल्टला किल्लीचा काय उपयोग? लाकडी दार फोडावे तर त्याच्यापुढे लोखंडी दार. बाईंच्या यजमानांनी शिडी लावून गॅलरी गाठली, तो समोर ग्रिल. अखेर ज्याने ते बसविले त्याच वेल्डरला बोलावले. ठिणग्या आमच्या तुळशीवर पडत होत्या. आत आम्हांला नानांचा एक पाय दिसत होता. "लवकर, लवकर" असे मी एकसारखा म्हणत होतो, तेव्हा तो कटर न थांबविता म्हणाला, "बाबूजी, आपने ही कहा था, कोई घुस न पाए।"

चार सळया कापावयास चाळीस मिनिटे लागली.

रुग्णालयातील रात्री लांब असतात. तेथे मी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र वाचीत बसलो होतो. 1715च्या सुमाराचा हा ग्रंथ. महाविद्यालयात असताना घेतला तेव्हापासून बदल्यांबरोबर फिरतो आहे. त्यात गड कसा बांधावा, कसा राखावा, याचे प्रकरण आहे. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा अमात्य मोठा दोष मानतात. जागा पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्या ठेवाव्यात, आणि नेहमीच्या वापराला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे ते सांगतात. चिणलेली दिंडी शत्रूला दिसत नाही, घरच्याला मात्र ती कोठे आहे हे ठाऊक असते. परीक्षेसाठी मी हा भाग चांगला पाठ केला होता आणि त्यावर गुणही बरे मिळाले होते.

नाना आता काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. ग्रिल मी पुन्हा बसविली, कारण चोर काही शहरातून गेलेले नाहीत. पण तिच्यात माणूस जाईल एवढी झडप ठेवली आहे. तिला कुलूप आहे, आणि किल्ली आतल्या बाजूस चिमीचाही हात पोहोचेल अशा खिळ्यावर असते. आतले दोन्ही बोल्ट काढून टाकले. लॅचची आणि सेफ्टी डोअरची एकेक किल्ली खाली दिली. ती देताना काय बोलावे हे मला सुचेना. बाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि चहा टाकावयास आत गेल्या.

रोज अकराच्या सुमारास त्या वर येऊन नानांची विचारपूस करतात. किल्ली हातात असली तरी एकदम आत येत नाहीत. चिमीने त्यांना खुणेचा शब्द सांगून टाकला आहे. तो त्यांना नीट म्हणता येत नाही. दाराशी उभ्या राहून त्या "हिरोकोनी" म्हणतात, आणि नाना खाटेवरून म्हणतात, "या."