रागाचे शब्दयोगी अव्यय

मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजीच्या वाटेला जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण इंग्रजीच त्याच्या वाटेला आली तर त्याने काय करावे? माझे वडील तालुक्याच्या गावी हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर होते आणि माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. (मराठीच्या प्राध्यापकाची मुलगी इंग्रजी माध्यमात कशी, हे कृपा करून मला विचारू नका; आमच्या हिला विचारा.) अशा या दोन इंग्रजांच्या मध्ये मी बापडा उभा आहे.

अण्णांनी मला इंग्रजी शिकवायला घेतले ते मी पाचवीत असताना. तेव्हा मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासूनच सुरू होई. पहिलीपासून ते आले २००० साली. पहिल्याच आठवड्यात माझी सर्वनामांशी झटापट झाली. आपल्या 'मी'ला इंग्रजीत 'आय' म्हणायचे आणि इंग्रजीतल्या 'मी'चा अर्थ 'मला' असा करायचा, हे दहा वर्षांच्या पोराला पटावे कसे? मी दार वाजवले की आतून अण्णांचा आवाज येई, "हू इज इट?" मी सांगे, "इट इज मी." "मी नव्हे, आय!" अण्णा गरजत. त्यावर स्वयंपाकघरातून आजी म्हणे, "अरे, आय इथं भाकऱ्या थापतेय. तू आधी दार उघड त्याला!"

पुढे मला कळले, की साहेबसुद्धा घरी आल्यावर 'इट्स मी' असेच म्हणतो. 'इट इज आय' तो व्याकरणाच्या पुस्तकासाठी राखून ठेवतो.

अण्णांचा खरा जीव विशेषणांवर. ते म्हणत, "इंग्रजी विशेषण एकटं पाठ करायचं नाही. त्याच्या अव्ययासकट करायचं." 'फॉन्ड' म्हटले की 'ऑफ', 'गुड' म्हटले की 'अ‍ॅट', 'काइंड' म्हटले की 'टू'. आणि या अव्ययाच्या पाठीमागे सर्वनाम आले, की देवळात शिरताना चपला काढाव्यात तसा त्याने आपला मूळचा वेष काढून ठेवायचा. 'ही'ने 'हिम' व्हायचे, 'दे'ने 'देम' व्हायचे, 'आय'ने 'मी' व्हायचे. तसे पाहिले तर मराठीत तरी निराळे काय आहे? 'तू'ला 'वर' जोडले तर 'तूवर' होत नाही, 'तुझ्यावर' होते. फरक एवढाच, की आपले अव्यय मागून येऊन सर्वनामाला चिकटते. साहेबाचे अव्यय पुढे उभे राहते आणि अंग राखून असते.

'बिट्वीन यू अँड आय' हे अण्णांच्या लेखी महापाप. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना 'मर्चंट ऑफ व्हेनिस' उघडून दाखवले. तिसऱ्या अंकात अंतोनिओने बसानिओला धाडलेल्या पत्रात खुद्द शेक्सपिअरने हेच पाप केले आहे. अण्णांनी चष्मा पुसला, ते पत्र दोनदा वाचले आणि शांतपणे म्हणाले, "अंतोनिओ त्या वेळी फार अडचणीत होता."

अडचणीत माणसाचे व्याकरण सुटते, हे मला लवकरच स्वतःवरून कळायचे होते.

१९९८ साली मी पुण्याला सायन्सला गेलो. अण्णांची अट एकच : आठवड्याला एक पत्र, आणि ते इंग्रजीत. ते पत्र लाल शाईने दुरुस्त होऊन मला परत येई. पहिले वर्ष कसेबसे उलटले आणि मी कुणालाही न विचारता सायन्स सोडून आर्ट्सला नाव घातले, मराठी घेण्यासाठी. हे अण्णांना कळवण्याचे धैर्य गोळा करायला मला आठ दिवस लागले. पत्राच्या शेवटी मी लिहिले, "प्लीज डोन्ट बी अँग्री ऑन मी."

पत्र परत आले. 'ऑन'भोवती लाल वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर 'विथ'. बाकी एक अक्षर नाही! ते रागावले होते की नव्हते, एवढेही नाही. पुढे मी एम.ए. झालो, नोकरीला लागलो. अण्णांनी तो विषय कधी काढला नाही आणि मलाही विचारण्याचा धीर झाला नाही. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

ते 'ऑन' का चुकले, याचा मात्र मी पुष्कळ विचार केला आहे. मराठीत राग आपल्याला 'येतो', पाहुण्यासारखा; आणि मग तो आपण दुसऱ्या कुणा'वर' तरी काढतो. रागावणारा वर, सोसणारा खाली. इंग्रजीत माणूस स्वतःच 'अँग्री' असतो, आणि असतो तो समोरच्या माणसा'बरोबर'. एखाद्या गोष्टीचा राग आला तर 'अ‍ॅट' किंवा 'अबाउट'. माणसाचा आला तर 'विथ', असे अण्णा शिकवीत. हल्ली साहेब माणसालाही सर्रास 'अ‍ॅट' लावतो. पण 'ऑन' काही लावत नाही. ते आपले आहे. आपण मनातल्या मनात 'तुझ्यावर' म्हणतो आणि वर इंग्रजीचा कोट चढवतो.

यंदा जूनमध्ये आमच्या कन्येने दहावीला त्र्याण्णव टक्के मिळवले आणि जेवता जेवता जाहीर केले, "मी आर्ट्सला जाणार." मी कडाडलो. एवढे गुण मिळवून आर्ट्स? आयुष्याचा काही विचार? आमच्या हिने आमटीची पळी हातात धरून माझ्याकडे नुसते पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला समजला; पण समजला म्हणून माघार घेतली तर तो बाप कसला? चार दिवस अबोला चालला.

पाचव्या दिवशी सकाळी चष्म्याचे घर उघडले, तर आत घडी घातलेली चिठ्ठी : "बाबा, आर यू स्टिल अँग्री ऑन मी?"

इंग्रजी माध्यमात दहा वर्षे काढून 'ऑन'! माझा हात आपसूक लाल पेनाकडे गेला. टोपण काढलेसुद्धा. आणि तिथेच थबकलो. पोर काय विचारते आहे आणि बाप काय दुरुस्त करतो आहे! हे आपल्या हातून होऊ द्यायचे नाही, असे मी ठरवले. टोपण लावले, साधे पेन घेतले आणि खाली मराठीत लिहिले, "नाही गं. घे आर्ट्स." चिठ्ठी तिच्या टेबलावर ठेवून कॉलेजला गेलो. मोठा पराक्रम केल्यासारखे वाटत होते.

संध्याकाळी ती चिठ्ठी घेऊन पुढ्यात उभी राहिली. चेहरा उतरलेलाच.

"बाबा, खरंच रागावला नाहीत?"

"अगं, लिहिलंय ना मी!"

"मग हे 'ऑन' तसंच का ठेवलंत? घाईत लिहिलं, नंतर माझ्या लक्षात आलं. राग नसताना माझी एक तरी चूक सोडलीय का तुम्ही आजवर?"

मला काही उत्तर सुचेना. मी निमूटपणे लाल पेन काढले, 'ऑन'भोवती वर्तुळ केले आणि त्यावर 'विथ' लिहिले. तेव्हा कुठे ती हसली आणि आत जाऊन आईला म्हणाली, "मिटलं गं!"

त्या रात्री मी कपाटातून अण्णांचे ते जुने पत्र काढले. शाई फिकी झाली आहे. पण वर्तुळ तसेच आहे. इतकी वर्षे मी त्याच्याकडे दुरुस्ती म्हणून पाहत होतो. उत्तर म्हणून ते मी त्या रात्री पहिल्यांदा वाचले.